एक टक्क्याचा रहिवासी

"मी इथे राहत नाही, एवढंच तुम्ही लिहून द्यायचं," असं म्हणत ऑरिनने टोपी काढली आणि न बघताच दारामागच्या खिळ्यावर अडकवली.

व्हर्ना हॉकेनबेरीबाई या पेनसिल्व्हेनियातल्या लूमिस फोर्ज नावाच्या, पावणेचारशे वस्तीच्या गावातल्या करवसुली अधिकारी. लोकांनी निवडून दिलेल्या. कचेरी म्हणजे त्यांचीच जेवणाची खोली. एकतीस वर्षांत कागदांच्या खोक्यांनी आधी खुर्च्या गिळल्या, मग टेबल, आणि आता बाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानंच जेवत.

"कोण राहत नाही?"

"मी. मी मोंटानाचा. इथे नुसता कॉलेजला आहे. पहाटे शूपच्या बेकरीत प्रेट्झेल वळतो, तर तो दर आठवड्याला पगारातून गावाचा एक टक्का कापतो. वर्षाचे सत्त्याऐंशी डॉलर झाले, बाई! जिल्ह्याची कचेरी म्हणते, परराज्यातल्यांना हा कर नाही, पैसे परत मिळतील. फक्त हा मुलगा तुमच्या गावचा नव्हे, अशी तुमची सही हवी."

बाईंनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तो डोळ्यांवरच होता, पण त्यांना वेळ हवा होता. खणात जिल्ह्याचंच दुसरं एक पत्र पडलं होतं, मंगळवारी आलेलं. तसंच पत्र ऑरिनच्या नावानं बेकरीतही गेलं असणार. पण शूपच्या हाती पडलेलं टपाल ज्याचं त्याला मिळेपर्यंत ईस्टर उजाडतो.

"झोपतोस कुठे?"

"बेकरीच्या वरच्या खोलीत."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत?"

"तिथेच. भाडं कमी आहे."

"आणि काल रीगलआजींच्या दारातला बर्फ काढत होतास, ते फावडं कोणाचं?"

"माझंच. विकत घेतलं."

बाईंनी कागदावर 'फावडं' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"फावड्याने काय सिद्ध होतं?"

"परका माणूस मागून आणतो," बाई म्हणाल्या. "नोव्हेंबरात मत कुठे दिलंस?"

ऑरिन जरा गडबडला. "अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये. पण त्या दिवशी तिथे चिकनचं जेवण होतं, म्हणून गेलो."

"जेवण मत न देताही मिळतं."

"रांग एकच होती."

बाईंनी काकवीच्या केकचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि खणातलं पत्र काढलं. "हे बघ. माझ्या जागेसाठी यंदा कोणीच उभं राहिलं नाही. मी आता नको म्हटलं होतं. मतपत्रिकेवर नुसती कोरी ओळ होती, ज्याचं नाव लिहायचं ते लिहा म्हणून. निकाल लागलाय. नऊ मतं मिळवून निवडून आलास. अभिनंदन."

"कोण?"

"तू. मोंटानाचा."

ऑरिन एका खोक्यावर टेकला. "पण का?"

"बेकरीच्या गल्ल्यावर लोकांची कराची कागदपत्रं वाचून फुकटात चुका दाखवत बसतोस ना? असला माणूस सापडल्यावर गाव सोडतं होय?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी आहेच. आणखी चार वर्षं." बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "नाताळला बहीण येते माझी. दर वर्षी दोघी ओट्याशी उभ्या राहून जेवतो. यंदा तिला सांगून बसलेय, की टेबलावर जेवू." मग त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्या कोणाला मतंच नाहीत. एक सोडून. कुणीतरी माझं नाव लिहिलंय. त्या वैऱ्याला मी मंगळवारपासून शोधतेय."

ऑरिनचे कान लाल झाले. "मला वाटलं, तुम्ही काम चांगलं करता."

बाईंनी केकची बशी दोन इंच मागे ओढली.

मग ऑरिनने विचारलं, "पगार असतो?"

"वर्षाला एकवीसशे."

"त्यातूनही गावाचा टक्का जातो?"

"जातो तर."

"तो वसूल कोण करतं?"

"तूच."

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले. "इकडे सही केलीस तर तू इथला नव्हेस, सत्त्याऐंशी डॉलर घे आणि सुखी राहा. तिकडे केलीस तर शपथ. दोन्हीकडे करू नकोस. मागे एकानं केली होती, तो आता आमदार आहे."

ऑरिनने पेन उचललं. ते पहिल्या कागदावर नेलं, दुसऱ्यावर नेलं, पुन्हा पहिल्यावर आणलं. तेवढ्यात शेजारच्या खोक्यातून डोकावणाऱ्या एका बिलावर त्याची नजर गेली आणि तिथेच अडकली.

"बाई, या क्लिंगरांना डोईपट्टी पाच माणसांची लावलीय. ते चौघं आहेत. थोरली नौदलात गेली ना मे महिन्यात."

"असं?"

"आणि हे काय! रीगलआजींना दंड? त्यांनी पैसे वेळेवर भरले होते, पाकीट मी टाकलंय पेटीत." त्याने पेन खाली ठेवलं आणि आणखी दोन कागद उपसले. "छे छे. हे सगळं खोकंच तपासायला पाहिजे. घरी नेऊन बघतो."

एकतीस वर्षं बाई समोरच्याची चूक तिथल्या तिथे पकडत आल्या होत्या. 'घरी' ही मात्र त्यांनी पकडली नाही. पुढे होऊन दार तेवढं उघडून धरलं, आणि केकची बशी त्याच्या हातातल्या खोक्यावर ठेवून दिली.

तो गेल्यावर त्या आत आल्या. खोकं होतं तिथे गालिच्याचा एक चौकोन उघडा पडला होता. बाकी गालिचा रंग उडून मातकट झालेला, आणि हा तुकडा लालभडक, जणू कालच अंथरलेला. बाईंनी सपाता काढल्या आणि त्या चौकोनात दोन्ही पाय जुळवून उभ्या राहिल्या.