रोलचाच कॅमेरा

"बाबा, रोलचे कॅमेरे आता कोण घेतं?" मुलाने कपाळाला हात लावला.

चष्मेवाला ढिम्म हलला नाही. कॅमेऱ्याच्या दुकानात तो तासभर ठाण मांडून बसला होता आणि त्याचं एकच पालुपद चालू होतं, रोलचाच हवा. स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या हट्टापुढे मान तुकवण्यात त्याचा जन्म गेला होता. आज गिऱ्हाईक तो होता. मग हौस का फेडून घेऊ नये?

कॅमेरा खरं तर बायकोसाठी होता. चष्मेवाल्याला गाडी लागायची. घाटाचं नुसतं नाव काढलं तरी पोटात ढवळायचं. म्हणून गेली काही वर्षं ती एकटीच आठ दिवस फिरून यायची. एरवी वर्षभर घर तिच्या डोक्यावर. नातवंडांचे डबे, सुनेची नोकरी आणि नवऱ्याचा उठल्यासुटल्या चहा. आठ दिवसांनी मात्र ती अशी टवटवीत होऊन परतायची, की चष्मेवाल्याला ती नव्याने आवडायची. तिचे हे आठ दिवस कशापायी बुडू नयेत, एवढंच त्याचं मागणं होतं. यंदा जुना कॅमेरा बिघडला आणि मुलाच्या अंगात उत्साह संचारला.

"हा बघ, आई." मुलाने डिजिटल कॅमेरा तिच्या हातात दिला. "फोटो लगेच दिसतो. शिवाय कुठे काढला तेही हाच नोंदवून ठेवतो. तू कुठेकुठे गेलीस ते आम्हाला नकाशावर दिसेल."

बायकोने पर्सची चेन उघडली, परत लावली. "छान आहे की," ती म्हणाली. "पण मला मेलीला त्यातलं काय कळणार?"

"मी शिकवतो ना."

"काही शिकवू नकोस," चष्मेवाला मध्येच म्हणाला. "लगेच दिसला तर त्यात मजा काय? रोल धुऊन येईपर्यंत जीव कसा टांगणीला लागतो! मग ती एकेक फोटो हातात घेऊन सांगते, आपण ऐकायचं. नकाशात काय डोंबल बघायचंय?"

"अहो, तो एवढ्या हौसेने देतोय," बायकोने दटावलं. डिजिटल कॅमेरा मात्र तिने केव्हाच काउंटरवर ठेवून दिला होता.

तिचे फोटोही जगावेगळे असत. डोंगर आणि धबधबे तिला जणू वर्ज्य. एखादं निळं दार, भिंतीवर झोपलेलं मांजर, कठड्यावरचा चहाचा कप. नातवंडांनी "हे कुठलं गं?" म्हटलं, की ती रंगवून सांगायची आणि चष्मेवाला मांडी घालून ऐकायचा.

"मग दोन्ही न्या," बेरकी दुकानदार म्हणाला.

अखेर बापापुढे मुलाने हात टेकले. रोलचा कॅमेरा घरी आला.

आठवड्याभराने चष्मेवाल्याने तिला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "आमची काळजी करू नकोस," म्हणाला आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिला. ती हसत होती. त्यालाही फार बरं वाटलं.

संध्याकाळी दुकान बंद करून तो बाजारामागच्या लांबच्या वाटेने घरी निघाला. दर वर्षी या आठ दिवसांत तो असाच जायचा. नेहमीच्या रस्त्यावर एक लॉज होता, आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पाय वर घेऊन कादंबरी वाचत बसलेल्या बायकोने आपल्याला पाहिलं असतं, तर बिचारीची सगळी सुट्टी वाया गेली असती.