डोळे, बोटं, नाक

“आमच्या ह्यांना काई सांगायचं तर जपून सांग, बाई,” कौशल्याबाई एकदा म्हणाल्या होत्या. “अक्षर येत न्हाई, पण कानावाटं आत गेलेलं मरस्तवर भाईर निघत न्हाई.” सुमन तेव्हा हसली होती. बायको नवऱ्याची थट्टा करते आहे, एवढंच तिला वाटलं होतं.

आज त्यांचे नवरे, चिमाजीमामा, मोशीला तिच्या सासऱ्यांशेजारी ओसरीवर बसले होते. मामा चाकणकडचे आमदार, सासरे सोपानराव, म्हणजे आबा, इकडचे. दोघांना निवडून येऊन दोनच वर्षं झालेली. उद्या मुंबईला मतदान होतं. दिल्लीच्या वरच्या सभागृहात राज्यातून माणसं पाठवायची, आणि ती लोकांनी नव्हे, आमदारांनी निवडायची. जागा पाच, नावं सहा. मतपत्रिकेवर शिक्का नाही, नावांपुढे पसंतीचे आकडे घालायचे.

पक्षाच्या मालोजीरावांनी दोघांच्या हातात एकेक बंद चिठ्ठी ठेवली. प्रत्येक आमदाराला क्रम वेगळा दिला होता. मतदान गुप्त खरं, पण मोजणीच्या टेबलाशी पक्षाचा माणूस बसणार. ज्याचा क्रम निघणार नाही, तो फितूर.

उठता उठता मालोजीरावांनी सुमनच्या नवऱ्याची, ज्योतीरामची, चौकशी केली. “इस्पितळातली खाट आमच्या शब्दावर मिळालीय, आबा. बरा होईस्तोवर राहू दे तिथंच.”

बोलणं गोड होतं. सुमनला त्यातली धमकी कळली. ज्योतीरामच्या छातीत क्षय होता. कडेवरची बाळी आठ महिन्यांची झाली, पण तिने बापाला अजून हात लावला नव्हता.

जीप गेली. मामा पाय धुवायला विहिरीवर गेले. सुमनने आबांची चिठ्ठी वाचून दाखवली. आबांनी नीट ऐकलंही नाही. तिच्या मात्र ध्यानात राहिली.

“म्या सहाव्यापुढं एक घालनार,” ते म्हणाले.

सहावे कोंडाजी मास्तर. कारखान्यासाठी माळावरच्या जमिनी जात होत्या, तेव्हा जमिनीला जमीन द्या म्हणणारा तेवढा एकच माणूस. आबांनी चावडीवर त्यांना शब्द दिला होता.

सुमनने समजावून पाहिलं. क्रम निघाला नाही की खाट गेली. खाट गेली की काय होईल, ते तिला तोंडाने बोलवेना. शेवटी ती म्हणाली, “आबा, तुमचाच मुलगा आहे हो.”

“माझाच हाय. शब्द मोडून त्याच्या उशाला कुठल्या तोंडानं बसू?”



दिवेलागणीला आबा गोठ्याकडे गेले, तसे मामा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. बाजारातल्या वजनांमुळे त्यांना आकडे येत होते. पण चिठ्ठीत सगळं अक्षरात लिहिलेलं.

“तेवढं वाच, सूनबाई. मालोजीसमोर इचारायची लाज वाटली. म्हनंल, आमदार अंगठेबहाद्दर. पक्षानं दगडापुढं एक घाल म्हटलं तर आमी दगडापुढं घालू, पर दगड कंचा, ते तर कळाय पायजे.”

सुमनने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. बाळीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग तिला मामांच्या पुढ्यात बसवलं.

“आत कागद नेता यायचा नाही, मामा. पण सोपं आहे. बाळीचे डोळे किती?”

“दोन.”

“मग दुसऱ्या नावापुढे एक घाला. एका हाताची बोटं?”

“पाच.”

“पाचव्यापुढे दोन. आणि नाक?”

“येकच की गं.”

“पहिल्यापुढे तीन. बाकीचं कोरं.”

मामांनी बाळीच्या डोळ्यांना, बोटांना, नाकाला हळूच हात लावला. बाळी खिदळली. “डोळं, बोटं, नाक,” मामा म्हणाले. “आता न्हाई इसरत.” चिठ्ठी त्यांनी तिच्याच हातात ठेवली. चुलीत टाकते, म्हणाली ती.

पहाटे दोघे मुंबईला गेले. मतदान झालं, मोजणीही झाली. आबा घरी आलेच नाहीत. पोराला हाकलतील तेव्हा आपण जवळ असावं, म्हणून परतताना पुण्याला उतरून तसेच इस्पितळात जाऊन बसले. सुमन रस्त्यावरची प्रत्येक मोटार ऐकत होती. खालच्या खोलीत तिने ज्योतीरामसाठी अंथरूण घालून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी जीप दाराशी थांबली. मालोजीराव उतरले. हातात पेढ्यांचा पुडा.

“आबा कुठायत?”

“इस्पितळात.”

“बसू द्या निवांत. खाट कुठं जात नाही. आबांचं मत पहिल्याच गठ्ठ्यात निघालं. दुसरं, पाचवं, पहिलं. दिलं तस्संच.”

सुमनने पेढ्यांचा पुडा घेतला.

आपले पाचही आले, मालोजीराव सांगू लागले. पण कोंडाजीला एक मत जादा पडलं, आणि चिमाजीचा क्रम काही निघाला नाही. चाकणच्या भर बाजारात पोरांनी त्याची टोपी उडवली. म्हातारा भांडला नाही की रडला नाही. “मी बरोबर टाकलं, एवढंच म्हणतो. आणि येड्यागत डोळ्यांना हात लावतो, मग बोटांना, मग नाकाला. कालपासून घरीही नाही म्हणे.”

जीप गेल्यावर सुमनने मिठाच्या बरणीखालून मामांची घडी केलेली चिठ्ठी काढली. ‘दुसऱ्या नावापुढे एक, चौथ्यापुढे दोन, तिसऱ्यापुढे तीन.’ ती उलटी करून तिने मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या, बाळीला कडेवर घेतलं आणि फाट्यावर जाऊन चाकणच्या एसटीच्या कंडक्टरला चिठ्ठी दिली.

‘हा कागद जो कोणी वाचेल त्याने कृपा करून आमदार चिमाजी यांच्या घरी जावे. ते घरी आले आहेत का, पाहावे. नसतील तर आधी विहिरीकडे जावे. त्यांचे काही चुकलेले नाही, हे त्यांना ओरडून सांगावे.’