टाकीत सोडलेली मेणबत्ती

वीस वर्षं लोकांच्या कारखान्यात बिअरच्या टाक्या धुताना आईने एकच नेम पाळला: आधी पेटती मेणबत्ती आत सोडायची, विझली, तर माणसाने उतरायचं नाही. आज मुलांच्या स्वतःच्या छोट्या कारखान्यात पहिली टाकी बसली. "अगं, हिच्यात अजून थेंबही पडलेला नाही. तू तर फ्रिजमध्येही मेणबत्ती सोडशील!" थोरला हसला, नव्या पत्र्यावर ओरखडा नको म्हणून बूट काढून आत शिरला. आत धप्पकन काहीतरी पडलं. आईची हाक नुसती घुमली. "वेल्डिंगचा जोड काळा पडू नये म्हणून मी आतली हवा काढून गॅस भरलाय!" असं ओरडत टाकी जोडणारा वेल्डर पंखा आणायला धावला. तिने मेणबत्ती पेटवून सोडली. ज्योत गप्पकन विझली. धाकटा टाकीच्या दाराकडे झेपावला. तिने त्याच्या कमरेला मिठी मारली. "सोड आई! दादा आत पडलाय!" "दिसतंय मला." त्याने तिच्या मनगटाचा चावा घेतला. तिने मिठी सैल केली नाही.