खाटेवरून खुर्चीत

"हात लावण्याआधी विचारायचं," परीक्षा घेणारी सिस्टर रोहाया वृद्धाश्रमातल्या खोलीच्या दारातच म्हणाली. "आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय उचलायचं नाही. मागच्या खेपेला तिथंच घोडं अडलं होतं, आँटी."

गेक एंगने मान हलवली.

मागच्या खेपेला परीक्षेला रबराचा पुतळा होता. तिनं त्याला बघता बघता खाटेवरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी लावली आणि बाजूला उभी राहिली. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. "पुतळ्याशी काय बोलायचं?" असं ती म्हणाली तेव्हा सगळा वर्ग हसला. रोहाया हसली नाही. तिनं नापास केलं.

कॉम्प्युटरच्या डिस्क बनवणाऱ्या कारखान्यात गेक एंगचा जन्म गेला होता. पायघोळ पांढरा झगा, नाकातोंडावर फडकं, आणि काम चालू असताना बोलायची बंदी. बोललं की श्वासाबरोबर कण उडतात, माल खराब होतो. मग कारखानाच उठून शेजारच्या देशात पेनांगला गेला आणि सत्तावन्नाव्या वर्षी ती आजाऱ्यांना सांभाळण्याचं काम शिकायला वर्गात येऊन बसली. आज जमलं नाही तर तिसरी संधी नव्हती. या वृद्धाश्रमात रिकामी असलेली जागाही मग दुसऱ्या कुणाची.

"ज्या आजोबांना उचलायचं ठरलं होतं, त्यांना ताप आलाय," रोहाया म्हणाली. "त्यांच्याऐवजी मॅडम क्वेक. त्या इथं आल्यापासून कुणाशी बोलत नाहीत. हवं तर तुमची परीक्षा पुढच्या आठवड्यात घेऊ."

"नको. आजच होऊ दे."

खाटेवर एक चिमुकली म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. गेक एंगने खुर्ची खाटेला लावली, ब्रेक दाबले, ते लागलेत का ते हलवून पाहिलं आणि मग पाठ केलेलं इंग्रजीत म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅडम. मी तुम्हाला खुर्चीत बसवणार आहे. चालेल ना?"

भिंत जितकी बोलली तितकीच म्हातारी.

तिनं तेच मँडरिनमध्ये विचारलं. पुन्हा विचारलं. पांघरुणाखाली काही हललं नाही.

म्हातारीचं वजन ते किती असणार! गेक एंगचे हात आपोआप पुढं झाले. एका दमात उचलता आलं असतं. रोहाया कोपऱ्यातून नुसती बघत होती. गेक एंगने हात मागं घेतले आणि स्टूल ओढून ती खाटेशी बसली. काय बोलावं ते तिला सुचेना. पांघरुणाबाहेर आलेलं एक पाऊल तेवढं दिसत होतं. तळवा निळसर पडला होता.

"अगं बाई, पाय किती गारठलाय तुझा," ती स्वतःशीच पुटपुटली.

ते तेओचूत निघालं होतं, तिच्या आईच्या चिनी बोलीत. आई गेल्यापासून ती बोली बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं. मुलाला ती येत नव्हती.

म्हातारीनं मान वळवली.

गेक एंग दचकली. पण आता थांबून चालणार नव्हतं. तिनं खाटेशी ठेवलेले मोजे उचलले. "मोजे घालते हं अम्मा, चालेल? हे बघ, लोकरीचे आहेत." म्हातारीनं पाऊल किंचित पुढं सरकवलं. मोजे चढवता चढवता गेक एंग तोंडाला येईल ते बोलत सुटली. सकाळी बाजारात गेले होते, पापलेट मिळालं, चांगलं हाताएवढं. आता घरी गेले की भरपूर आलं घालून वाफवणार. मुलाला नुसतं आल्याचंच आवडतं.

"नुसतं आलं?" खर्जातला, गंजलेला आवाज आला. "आणि खारवलेला मोहरीचा पाला कोण घालणार? आंबट प्लम?"

"प्लम संपलेत, अम्मा."

"संपलेत म्हणे! आईनं काही शिकवलं की नाही तुला?"

"शिकवलं होतं गं. मीच विसरले."

"मग सांगते, ऐक. आधी मला नीट बसव. पडल्या पडल्या काय सांगू?"

गेक एंगने आधाराचा पट्टा हातात घेतला. मग तिनं विचारलं, "म्हणजे उचलू ना?"

"किती वेळा विचारशील गं! उचल."

तिनं म्हातारीच्या कमरेला पट्टा बांधला, स्वतःचे गुडघे वाकवले. "माझ्या खांद्याला धर. आता पाय खाली. आता उभं राहायचं. घाबरू नकोस, मी सोडत नाही." म्हातारी उभी राहिली, थरथरली, वळली आणि खुर्चीत टेकली. टेकल्या टेकल्या तिनं वाफवलेल्या पापलेटाला सुरुवात केली. माशाला चिरा किती खोल द्यायच्या, टोमॅटो कधी, टोफू कुठं. गेक एंग पाठीशी उशी सारखी करत हुंकार भरत होती. मधे एकदा तिनं हळूच विचारलं, "डुकराची चरबी आधी की नंतर?" तर चांगलीच बोलणी खाल्ली.

रोहायाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती कोपरा सोडून कधी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नसावं.

सांगून झाल्यावर म्हातारी दमली. मग तिनं गेक एंगचं मनगट धरलं आणि काहीतरी विचारलं.

गेक एंगने रोहायाकडे पाहिलं.

"काय म्हणतायत त्या?" रोहायानं विचारलं.

"विचारतायत, उद्या कोण येणार."

रोहायानं परीक्षेच्या कागदावर 'पास' लिहून पेनाला टोपण लावलं.

"मग सांगा की त्यांना," ती म्हणाली.