काटा खाली आला

हे लिहिणारच नव्हतो, मास्तरची पार शोभा होते. पण तोच म्हणाला, लिही.

तर काटेमास्तर माइकसमोर हात जोडून बसला होता. "कोण आहात माहीत नाही, पण पाया पडतो, चॅनल सोडा. माझा दोस्त समुद्रात अडकलाय."

कोणी हललं नाही. हॅम रेडिओच्या, म्हणजे घरच्या हौशी बिनतारी सेटच्या, मीटरवर काटा उजवीकडे ताठ उभा. म्हणजे कोणीतरी दणदणीत सिग्नल घेऊन बसलंय. बोलत मात्र नाही, नुसतं माइकचं बटण दाबून बसलंय. आणि त्याच्याखाली भोंग्याचा आवाज गाडला गेलाय.

भोंगा म्हणजे मास्तरचा जिवलग. घसा असा की याला रेडिओ कशाला, असं सगळे म्हणायचे. मास्तरचा जीव ऐकण्यापेक्षा काट्यात जास्त, म्हणून त्याचं काटेमास्तर हे नाव भोंग्यानंच ठेवलेलं. सकाळी भोंगा बोट घेऊन निघाला तेव्हा किनाऱ्याजवळून एवढा बोंबलत होता की स्पीकर फाटायची वेळ आली. मास्तरनं हसत हसत गेन, म्हणजे सेटला किती बारीक ऐकू येईल ते ठरवणारं बटण, कमी केलं होतं.

दुपारी एका जहाजानं भोंग्याचं तुटक बोलणं ऐकून बंदराला कळवलं. इंजिन बंद, बोटीत पाणी. कुठे आहे ते कळलंच नाही. बंदरावरचे साहेब फोनवर म्हणाले, "ठिकाण सांगा, लगेच बोट सोडतो. एवढ्या पाण्यात शोधू कुठे? उजेड गेला की काही खरं नाही."

खिडकीतलं ऊन पिवळं पडत चाललं होतं. भोंग्याची बायको शेजारच्या खुर्चीत ओठ चावत बसली होती.

"भावजी, तो माणूस जवळचाच असेल ना?"

"काटा बघा ना वहिनी. अगदी उशाशी असल्यासारखा."

वैतागून मास्तरनं सेटमागची एरियलची वायर खसकन उपटली. आता तरी काटा पडायला हवा होता. तो जागचा हलला नाही.

वहिनी पुटपुटली, "म्हणजे तो घरातच आहे?"

 मास्तरची नजर गेनच्या बटणावर गेली. सकाळपासून तसंच, खाली पिळलेलं. जोराचा सिग्नल आला की सेट आपले कान आपणच झाकतो, आणि जेवढे झाकले तेवढा काटा चढतो. हातानं झाकले, म्हणजे गेन कमी केला, तरी चढतो. काट्याला दोन्ही सारखंच. चॅनलवर कोणीच नव्हतं. इतका वेळ तो स्वतःच्याच हाताच्या पाया पडत होता.

वायर खोचली. बटण पूर्ण फिरवलं. काटा धाडकन शून्यावर आला. वहिनीनं तोंडावर हात दाबला, तिला वाटलं सगळं संपलं.

खरखर. मग खरखरीच्या पार तळातून, मुंगीएवढा आवाज. "...दोन खडकांच्या मधे... दीपस्तंभ पाठीमागे... मास्तर, काटा बघतोयस की ऐकतोयस?"

वहिनीनं बंदराचा फोन लावला. मास्तरनं माइक उचलला.

"ऐकतोय रे भोंग्या. आणि यापुढे तू कितीही बोंबल, तुझा आवाज कमी करणार नाही. शप्पथ."