चौथी नळी

“वायर नको घालूस, पंडित. वायरने नळी फाटते. हवा मार, हवा.”

बाबा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून हुकूम सोडत होते. मुलगा स्टुलावर उभा राहून गाडीच्या छतातल्या सरकत्या काचेच्या, सनरूफच्या, उघड्या चौकोनावर वाकला होता. हातात सायकलचा पंप, कपाळावर ग्रीस. तो ग्रंथालयात नोकरीला, म्हणून पंडित. बाबांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. मुलाच्या हातात साधा पाना दिसला तरी त्यांना हसू आवरायचं नाही.

आज त्याला चेष्टेचं काही वाटत नव्हतं. गळती आज सापडायलाच हवी होती. तीन आठवडे ती सीट अधूनमधून ओली व्हायची. “छत गळतंय,” बाबा म्हणायचे. गाडी अठरा वर्षांची, तेव्हा पटण्यासारखं होतं. ताईला मात्र पटत नव्हतं. महिन्याभरापूर्वी बाबांचं अंथरूण ओलं सापडलं, तेव्हाच तिने भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पुन्हा असं झालं तर आपल्याच्याने निभायचं नाही. तू आणि तुझी बायको दिवसभर कामावर, मी दुसऱ्या गावात. वृद्धांच्या संस्थेत जागा आहे. मी फॉर्म आणून ठेवते.” तो हो म्हणाला होता. शेजारच्या खोलीत बाबा होते, आणि मधली भिंत पातळ होती.

आज ताई आली होती. फॉर्म तिच्या पर्समध्ये होता.

आधी त्याने छतातल्या काचेभोवतीचं रबर बदलून पाहिलं होतं. बाबा पोट धरून हसले होते. “अरे, रबर असलं तरी कडेने थोडं पाणी आत येणारच. त्यासाठी खाली पन्हळ दिलीय. पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या. पाणी त्यांतून चाकापाशी जाऊन पडतं. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी डोक्यावर. रबर कसलं बदलतोस, डोकं बदल!” म्हणून गेल्या रविवारी त्याने चारही नळ्या साफ केल्या. एकेका कोपऱ्यात मगभर पाणी ओतून ते खाली चाकापाशी पडताना डोळ्यांनी पाहिलं. तरी बुधवारी सीट ओली.

आताही तीन नळ्यांमधून पाणी सुरळीत गेलं. चौथ्या कोपऱ्यात ते तुंबून राहिलं. हा कोपरा बरोबर बाबांच्या डोक्यावर होता. पंपाने हवा मारून काही होईना. त्याने बोट घातलं. आत काहीतरी मऊ लागलं, आणि बोटाला दोरा अडकला.

दोरा ओढल्यावर बोळा बाहेर आला. जुन्या बनियनची चिंधी, घट्ट वळलेली, मधोमध दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याचं टोक मुद्दाम लांब सोडलेलं. तो बोळ्याकडे बघत राहिला. इंजिन उघडलं की धूळ जाऊ नये म्हणून पाइपांच्या तोंडात बोळे घालतात. बाकीचे मिस्त्री चिंधी नुसती कोंबायचे आणि कधीतरी आतच विसरायचे. प्रत्येक बोळ्याला दोरा बांधणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता.

तो खाली वाकला. छताचं कापड कोरडं होतं. बुधवारपासून पाऊसच नव्हता. बाबांनी तयारी चोख केली होती, फक्त आभाळाने साथ दिली नव्हती. सीटचा पुढचा काठ काळा पडला होता. पँट मांड्यांना चिकटली होती. गाडीत जो वास कोंडला होता तो पाण्याचा नव्हता.

बाबा समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होते.

“झालं का रे?” ताई पायऱ्या उतरत आली. “बाबा, उतरा बरं जरा. मला सीट बघू दे.”

“गुडघा धरलाय,” बाबा पुटपुटले.

“मग मी हात देते. या.”

मुलाने बोळा पुन्हा नळीत घातला. अंगठ्याने दाबून नीट बसवला.

“बाबा, वरची काच लावून घ्या,” तो म्हणाला.

बाबांनी वर पाहिलं. दोघांची नजर क्षणभर मिळाली. मग त्यांचा हात बटणाकडे गेला आणि काच करकरत बंद झाली.

“थांब ताई. कुठून गळतं ते तुला दाखवतोच.” त्याने भरलेली बादली उचलली आणि छतावर उपडी केली.

“अरे, बाबा आत आहेत! वेड लागलं का तुला?”

पाणी काचेच्या कडेने आत उतरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग छताचं कापड फुगलं, आणि बाबांच्या डोक्यावर धार लागली. थंड पाण्याने म्हातारा शहारला, त्याचे दात वाजले. पण तो जागचा हलला नाही.

“बघ, बघ तुझा भाऊ!” बाबा आतून ओरडले. आवाज फुटत होता. “एवढी पुस्तकं वाचली, पण साधी नळी साफ करता येत नाही ह्याला!”

ताईने कपाळाला हात लावला. “कळलं, कळलं. गळतंय. पुरे कर आता, आजारी पाडशील त्यांना. मी टॉवेल आणते.” ती लगबगीने घराकडे वळली.

मुलाने खिडकीतून आत पाहिलं. बाबा जेमतेम छातीपर्यंत भिजले होते; पाणी पँटपर्यंत पोचलं नव्हतं.

त्याने दुसरी बादली नळाखाली लावली.