कडेची खोली

बिभीषणनं कोल्हारजवळच्या मळ्यात पर्यटकांसाठी लाकडी खोल्या बांधल्या आणि पॉलिशच्या कामाला सासऱ्यालाच बोलावलं. कानिफनाथनं दोन फळकुटांना दोन नमुने लावले, वाळू दिले आणि जावयासमोर लायटर धरला. साध्या वॉर्निशचं फळकूट भपकन पेटलं. दुसऱ्यावरचा लेप नुसता फुगला, आत लाकूड शाबूत राहिलं.

"पाव्हण्यांच्या खोल्यांना हे आग न धरणारं मारा, मामा," बिभीषण म्हणाला. "कडेच्या खोलीला साधं चालंल. तिथं सुकन्याच राहनार हाय."

"एकटीच?"

"तिला मानसांचा तरास हुतो," असं म्हणून तो मोबाईल कानाला लावत बांधाकडं गेला.

कानिफनाथनं शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. ती जळक्या फळकुटावरची नजर काढत नव्हती.

"पोरी, तुझ्या खोलीला मी हे चांगलंच लावतो. भिऊ नगं."

नवरा लांब गेलाय हे सुकन्यानं आधी वळून पाहिलं. मग बापाचं मनगट घट्ट धरलं.

"पॉलिश कुठलंबी लावा, आबा. पन त्या दाराला बाहेरनं दोन कड्या बसवल्यात, त्या तेवढ्या काढून टाका."